कोसबाडच्या अनुताई

अनुताई वाघ हे नाव आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद भगिनींस नवीन नाही. मंडळाच्या बालवाडीच्या भिंतीवर त्यांची तसबीर पुष्कळ वर्षे लावलेली होती आणि नव्याने सभासद झालेल्या सुना ती कोणाची तरी आजी असावी अशा समजुतीने तिला हळदीकुंकवाच्या दिवशी हार घालीत. ह्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे कार्यकारिणीने मला सांगितले. जिजाबाईंचे नाव सर्वांत आधी निघाले, आणि माहुलीचा किल्ला रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या बायकांच्या तोंडी ते येणारच. मी मात्र अनुताईंवर लिहावयाचे ठरविले. एक तर त्या आपल्याच जिल्ह्यातल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तोपर्यंत शहापूर, मुरबाड आणि डहाणू हे तालुके एका ठाणे जिल्ह्यातच होते. दुसरे कारण असे की, येत्या सर्वसाधारण सभेपुढे कातकरी पाड्यावरच्या पाळणाघराचा विषय आहे. त्यावर आपसांत बरीच उलटसुलट चर्चा चालली आहे. त्या चर्चेत अनुताईंच्या आयुष्याचा काही उपयोग होईल असे मला वाटते.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. अष्टविनायकांपैकी मयूरेश्वराचे हे गाव. आपल्यापैकी पुष्कळ जणी यात्रेच्या गाडीतून तेथे जाऊन आलेल्या आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि सहा महिन्यांच्या आतच त्यांना वैधव्य आले. हे १९२३ च्या सुमाराचे. मुलीच्या लग्नाचे वय निदान चौदा असावे असे सांगणारा सारडा कायदा १९२९ साली झाला. म्हणजे ह्या मुलीला त्याचा काहीच फायदा नव्हता. तेरा वर्षांची मुलगी, जिला संसार म्हणजे काय हे कळण्याआधीच तो संपला, तिचे पुढे काय व्हावयाचे हे तेव्हा सर्वांना ठाऊक असे. कोपऱ्यातली जागा, दिराभावांची मुले सांभाळणे, पापड-लोणची आणि परसातली विहीर. माझ्या आजोळी अशी एक आत्या होती. तिला सगळे घर माया लावी, तरी तिचे स्वतःचे म्हणावे असे एक फडताळसुद्धा त्या घरात नव्हते.

अनुताईंच्या बाबतीत तसे घडले नाही, कारण त्या शिकल्या. १९२५ साली त्या व्हर्नाक्युलर फायनल झाल्या. आपल्या लहानपणी म्हातारी माणसे अमका फायनल झालेला आहे असे मोठ्या आदराने सांगत, तीच ही परीक्षा. एवढ्या बळावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे. पुढे पुण्यास ट्रेनिंग पुरे करून त्या १९२९ साली शिक्षिका म्हणून बाहेर पडल्या आणि पहिली काही वर्षे त्यांनी कसारा घाटापलीकडच्या नाशिक जिल्ह्यात, खेड्यांतल्या शाळांमध्ये काढली. एकोणीस-वीस वर्षांची बालविधवा परक्या गावी खोली घेऊन राहते, शाळेत जाते, पगार घेते, ही गोष्ट त्या दिवसांत किती डोळ्यांनी पाहिली असेल ह्याची कल्पना ग्रामीण भागात नोकरी केलेल्या बायकांना सांगावी लागत नाही.

त्यानंतर त्या पुण्याच्या हुजूरपागेत आल्या. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या प्रयत्नाने निघालेली ही मुलींची हायस्कूल शाळा. तेथे नोकरी मिळणे हा मोठा मान होता. दहा-बारा वर्षे त्यांनी तेथे शिकविले. दिवसा दुसऱ्यांच्या मुलींना शिकवावयाचे आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बाकावर बसावयाचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते. त्यांच्याच वर्गातल्या मुली सोळाव्या वर्षी ज्या परीक्षेस बसत, त्याच परीक्षेस बाईही बसल्या. मला ह्यात त्यांचा स्वभाव दिसतो. आपल्याला येत नाही ते येत नाही, आणि ते शिकावयास लाज कसली, असा हा सरळ हिशेब आहे. पुढे १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, प्रकृती बरी नसताना आणि डोळ्यांनी साथ सोडली असताना त्या बी. ए. झाल्या. तेव्हा त्या कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत राहत होत्या. तेथे त्यांची पदवी विचारणारे कोणीही नव्हते.

हुजूरपागेतील नोकरी पक्की होती. पुण्यासारखे शहर, ओळखीची माणसे, म्हातारपणाची सोय. पस्तिशीच्या बाईने ह्यापलीकडे काय मागावे? पण १९४५ साली त्या मुंबईजवळ बोरिवलीस भरलेल्या कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरास गेल्या. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी स्थानबद्धतेतच वारल्या. त्यांच्या नावे जमलेल्या निधीतून खेड्यांतल्या स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी काम व्हावे अशी गांधीजींची इच्छा होती आणि त्या कामासाठी सेविका तयार करावयाच्या होत्या. ह्या शिबिरात त्यांची गाठ ताराबाई मोडक ह्यांच्याशी पडली.

ताराबाईंविषयी चार शब्द लिहावेच लागतील. (आपल्या भागातील मोडकसागर धरणाशी मात्र त्यांचा संबंध जोडू नये. मंडळाच्या प्रश्नमंजूषेत एकीने तसे उत्तर दिले होते. त्या जलाशयाचे नाव मुंबईच्या पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे अभियंते मोडक ह्यांचे आहे.) ताराबाई १८९२ च्या, म्हणजे अनुताईंहून अठरा वर्षांनी मोठ्या. पदवीधर, राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाच्या प्रमुख झालेल्या. ती मानाची जागा सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गेल्या. तेथे दोघांनी मिळून मॉण्टेसोरीबाईंच्या पद्धतीला आपल्याकडचे रूप दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार निघाले. एवढे सर्व झाल्यावर ताराबाईंना एक प्रश्न टोचू लागला. हे सगळे सुंदर शिक्षण फीचे पैसे देऊ शकणाऱ्यांच्या मुलांना मिळते आहे. खेड्यातल्या मुलाचे काय? मॉण्टेसोरीची साधने परदेशी घाटाची आणि महाग. ती घेऊन खेड्यात जाता येणार नव्हते. नवी पद्धत खेड्यातच बसून तयार करावी लागणार होती आणि त्यासाठी ताराबाईंना एक तरुण, काटक जोडीदारीण हवी होती.

अनुताईंनी हुजूरपाग सोडली. २४ डिसेंबर १९४५ रोजी समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले.

बोर्डी हे गाव ह्या कामास का निवडले असेल, ह्याचे उत्तर तेथल्या शाळेत सापडते. तेथील हायस्कूल १९२० पासूनचे. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी अशा ध्येयवादी शिक्षकांनी ते नावारूपाला आणले होते, आणि १९४० साली बाळासाहेब खेर ह्यांच्या अध्यक्षतेखाली निघालेल्या आदिवासी सेवा मंडळाशीही ह्या मंडळींचा संबंध होता. म्हणजे बायकांना पाठीशी उभी राहतील अशी माणसे तेथे होती. पण काळ मोठा कठीण होता. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या कल्याणशेजारच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगाव-डहाणूकडचे वारली आले होते. वेठ, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबणे, ह्याविरुद्ध गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली ते उठले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्यास जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसे मेली. ह्या गोळीबाराला अडीच महिने होत नाहीत तोच, त्याच मुलुखात दोन पांढरपेशा बायका मुलांना गाणी शिकवावयास आल्या. लोकांनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले असल्यास नवल नाही. शहरातून आलेली माणसे नेहमी काहीतरी मागावयासच येतात, हा वारल्यांचा पिढ्यांचा अनुभव होता.

मुले येईनात. मग ताराबाई आणि अनुताई ह्यांनी जे केले ते आज इतके साधे वाटते की, ते कोणाला तरी पहिल्याने सुचावे लागले हे आपण विसरून जातो. मूल बालवाडीकडे येत नाही, तर बालवाडी मुलाकडे न्यावी. वस्तीत जावे, एखाद्या घरापुढचे सारवलेले अंगण पाहावे, तेथेच चार मुले गोळा करून गाणी, गोष्टी, खेळ सुरू करावेत. आईला घरातून दिसते आहे, आजी ओट्यावर बसून ऐकते आहे, मुलाला परके वाटत नाही. मध्यवर्ती बालवाडी एक आणि अशा अंगणातल्या बालवाड्या अनेक. अंगणवाडी हा शब्द येथून आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले आणि आता ते हिंदीतही तसेच चालते. आपल्या पाड्यापाड्यावर जी अंगणवाडी आहे, तिच्या पाटीवरचा शब्द असा आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या एका अंगणातून निघालेला आहे.

पहिला धडा पाटीचा नव्हता. आंघोळ, नखे, केस, नाक. मग अंगण झाडणे, पाणी भरणे, फुले लावणे. साधने म्हणून समुद्रावरचे शंखशिंपले, झाडांच्या बिया, पाने, काड्या, बांबूचे तुकडे, माती. शहरातल्या शिक्षणतज्ज्ञांना हा गरिबीतला निभाव वाटे. मी स्वतः मंडळाची बालवाडी १९८४ पासून तेवीस वर्षे चालविली आहे आणि माझे मत त्यांच्याहून निराळे आहे. आमच्याकडे शंख नाहीत. चिंचोके, पळसाची पाने, सागाच्या बिया, काळू नदीतले गोटे हेच आमचे साहित्य. (गुंजा दिसावयास सुंदर, पण विषारी. त्या मी कधी वर्गात येऊ दिल्या नाहीत.) दुकानातले रंगीत ठोकळे एका देणगीदाराने दिले होते. मुलांनी त्यांना दोन दिवस हात लावला नाही, मोडले तर बाई रागावतील म्हणून. चिंचोक्याला असली भीती नसते. हरवला तर झाडाखाली आणखी आहेत. मूल मोकळेपणी हाताळते म्हणून शिकते, हे मला अनुताईंच्या ‘बालवाडी कशी चालवावी’ ह्या पुस्तकाने समजले. त्याची आमची प्रत इतकी वापरली गेली की तिची शिवण दोनदा घालावी लागली.

१९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून आत, डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताईंच्या आयुष्याचा मुख्य भाग येथून पुढचा. पस्तीस वर्षे त्या त्या टेकडीच्या झाल्या, किंबहुना आज कोसबाड म्हटले की अनुताई आणि अनुताई म्हटले की कोसबाड असेच लोक म्हणतात.

येथे वारली वस्ती. शाळा उघडली तरी सहा-सात वर्षांच्या पुढची मुले, विशेषतः मुली, वर्गात टिकत नसत. ही तक्रार त्या काळच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या तोंडी असे आणि तिचे कारणही ठरलेले असे की ह्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाई व अनुताई घरोघर फिरल्या आणि कारण शोधून आल्या. मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर भाऊ आहे. आई-बाप पहाटे कामावर जातात, तान्हे मूल सांभाळावयास सात वर्षांच्या बहिणीवाचून कोणी नाही. मुलगा येत नाही, कारण तो गुरांमागे आहे. हे एकदा समजल्यावर त्यांनी आळशी आई-बापांना उपदेश केला नाही. पाळणाघर उघडले. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून तीन ते सहाच्या मुलांची बालवाडी, तिला लागून प्राथमिक वर्ग, असे तिन्ही एका आवारात आणले आणि त्याचे नाव ठेवले विकासवाडी. बहीण भावाला कडेवर घेऊन येई, त्याला पाळण्यात ठेवी, मधल्या भावंडाला बालवाडीत सोडी आणि आपण वर्गात बसे. मधल्या सुटीत उठून त्या दोघांना पाहून येई. एका कुटुंबाची तिन्ही मुले एका वेळी एकाच ठिकाणी. बालवाडीतून पहिलीत जाणेही असे सहज होई की मुलाला आपण निराळ्या शाळेत आलो असे वाटू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ ह्या वयाचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्याचे मोठे कौतुक झाले. ते योग्यच आहे, पण कोसबाडला हे साठ वर्षांपूर्वी झालेले होते.

गुराख्यांसाठी त्यांनी आणखी निराळे केले. मूल कुरणावर, तर शाळा कुरणावर. शिक्षकाने साहित्य बरोबर घेऊन गुरांमागे जावे, झाडाखाली बसावे, गुरांवर नजर ठेवून मुलांनी शिकावे. ह्या कुरणशाळेवर अनुताईंनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले आहे. मला ह्या प्रयोगाचे सर्वांत अधिक नवल वाटते. कारण त्यात शिक्षकाला उन्हातान्हात चालावे लागते, घंटा नाही, फळा नाही, आणि तपासणीस साहेब आले तर त्यांना दाखवावयास भिंतसुद्धा नाही. मोठ्यांसाठी रात्रीचे वर्गही होते. स्वतः रात्रशाळेत शिकून मॅट्रिक झालेल्या बाईंना दिवसभर राबून कंदिलाच्या उजेडात अक्षर गिरविणे म्हणजे काय, हे कोणी समजावून द्यावे लागत नव्हते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. अठ्ठावीस वर्षांची सोबत संपली. तोपर्यंत अनुताईंकडे पुष्कळ जण ताराबाईंच्या उजव्या हात म्हणून पाहत. आता सर्व भार त्यांच्यावर आला. त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर एव्हाना पेन्शन घेऊन घरी बसल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी पुढची एकोणीस वर्षे अशी काढली की त्यातले निम्मे काम एखाद्या संस्थेला पुरावे. बालसेविकांचे प्रशिक्षण हे त्यांतले मला सर्वांत जवळचे. खेड्यातली सातवी-आठवी झालेली मुलगी, नवऱ्याने टाकलेली, विधवा, कोणी घरच्यांना भार झालेली, अशी कोसबाडला येई आणि काही महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभी राहून परत जाई. मैदानावर खेळ शिकविणारा शिक्षक जसा स्वतः न खेळता दहा खेळाडू तयार करतो, तसे हे काम. ह्या सेविकांनी आपापल्या गावी काढलेल्या बालवाड्यांत किती मुले शिकली ह्याची मोजदाद कोण करणार? मुलांसाठी गाणी-गोष्टी, सेविकांसाठी पुस्तके, पालकांसाठी ‘शिक्षणपत्रिका’चे संपादन, स्त्रियांसाठी ‘सावित्री’ हे मासिक. त्यांची भाषा सोपी. इतकी सोपी की काही विद्वानांना ती पुरेशी शास्त्रीय वाटत नसे. पण ती ज्यांच्यासाठी होती त्या बायका विद्वान नव्हत्या आणि त्यांना ती समजे. आत्मचरित्र लिहिले त्याचेही नाव ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. ते आपल्या मंडळाच्या कपाटात आहे. ज्यांना ह्या लेखापेक्षा अधिक हवे त्यांनी ते न्यावे आणि कृपा करून परत आणावे.

१९८२ साली प्रा. रमेश पानसे ह्यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था काढली. वय बहात्तर! ह्या वयात माणूस नवी गाय घ्यावयास कचरतो. डहाणू तालुक्यातल्या ऐन्यासारख्या आदिवासी गावात त्या संस्थेने पुढे मोठे काम उभे केले. १९८५ साली अनुताईंना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी स्त्रिया व मुले ह्यांच्या कल्याणाच्या कामासाठी जमनालाल बजाज पुरस्कारही. पुरस्कारांविषयी मी ह्याहून अधिक लिहीत नाही. त्यांनी तेवढेच महत्त्व त्यांना दिले असावे.

मी अनुताईंना प्रत्यक्ष पाहिलेले नाही. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या गेल्या. आपल्या मंडळाची सहल कोसबाडला गेली ती १९९४ च्या थंडीत. आसनगावहून पहाटेची गाडी, दादरला उतरून डहाणूची गाडी, पुढे एस. टी. खाली घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आणि वर टेकडीवर मुलांचा आवाज. आमच्यातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तेथील पाळण्यांकडे बराच वेळ पाहिले. मंडळाच्या पहिल्या वर्षांत वर्गणी गोळा करीत ज्या उन्हातून हिंडल्या त्यांपैकी त्या एक. परतीच्या गाडीत त्यांनी हिशेब मांडला तो पाळण्यांच्या झोळ्यांना किती जुनी लुगडी लागतील ह्याचा होता. त्या आता नाहीत आणि तो हिशेब त्या वेळी तसाच राहिला.

आता आपल्या गावाकडे येते. अंगणवाडी आहे, शाळा आहे, मध्यान्ह भोजन आहे. १९४५ ची परिस्थिती आता नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण कातकरी पाड्यावरच्या मुली अजूनही शाळेतून गळतात आणि त्याची कारणे बघितली तर ती कोसबाडला सापडली होती तीच आहेत. दिवाळी झाली की उचल घेतलेली कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाशी परततात. जी घरे मागे राहतात त्यांतल्या बायका भाजीच्या वाडीवर, गवत कापणीला, सरपणाला जातात. अंगणवाडीत तीन वर्षांवरचे मूल बसते, आणि तीही दुपारी सुटते. दीड वर्षाच्या मुलाचे काय? ते बहिणीच्या कडेवर. गेल्या वर्षी मी आणि आपल्या दोघी भगिनी पाड्यावर घरोघर जाऊन आलो. शाळेच्या पटावर नाव असून घरी बसलेल्या नऊ मुली आम्हाला भेटल्या. त्यांपैकी सात जणींच्या कडेवर भावंड होते. हा आकडा मी सभेत सांगितला तेव्हा काही भगिनींचे म्हणणे पडले की ते सरकारचे काम आहे, मंडळाने भजन, हळदीकुंकू, शिवणवर्ग ह्यांपुरते पाहावे. दुसऱ्या काहींचे म्हणणे असे की मंडळाची खोली बाजारच्या रस्त्यावर आहे, ती दुकानाला भाड्याने दिली तर वर्षाची वर्गणी सुटेल. हे दुसरे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. खोलीचे छप्पर दोन पावसाळे गळते आहे आणि भाड्याचे पैसे खरोखरीच लागणार आहेत.

तथापि माझा कल मी लपवून ठेवीत नाही. खोलीचा पुढचा भाग भाड्याने द्यावा आणि मागची पडवी सकाळी आठ ते दुपारी दोन पाळणाघरास द्यावी. सांभाळावयास पाड्यावरचीच एक बाई ठेवावी. मुलांना तिची भाषा कळते आणि तिचाही घरखर्च निघतो. दूध व खिचडीचा खर्च आठवड्याला एकेका घराने उचलावा. बारा मुलांपेक्षा अधिक घेऊ नयेत, कारण पडवी तेवढीच आहे. सुरुवात गवत कापणीपूर्वी झाली पाहिजे, नाहीतर ह्या वर्षाच्या त्या सात मुली हातच्या जातील.

सभा कार्तिकी एकादशीनंतरच्या रविवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आहे. मत काहीही असो, यावे. येताना ज्यांच्याकडे जुनी सुती लुगडी किंवा नऊवारी पातळे असतील त्यांनी ती धुऊन आणावीत. एका झोळीला एक पुरते, पण आत घालावयास मऊ चौघडी लागते, म्हणून पाळण्यामागे दोन धरावीत. नायलॉनची नकोत, ती निसटतात.